साळवे सरांची चाल

साळवे सर चालू लागले की पोरी थांबायच्या आणि सर थांबले की पळत सुटायच्या. शिरूरच्या शाळेत मी खेळाचा शिक्षक म्हणून लागलो, तेव्हा मैदानावर पहिल्यांदा पाहिलं ते हे. सर माझ्या आधीचे. निवृत्त होऊन चर्चमागे राहायचे, पण निवृत्ती त्यांनी फारशी मनावर घेतली नव्हती.

मी पोलीस भरतीच्या तालमीतला. फुटबॉलच्या मुलींनाही मैदानाच्या दहा फेऱ्या लावल्या. सर कट्ट्यावरून म्हणाले, "मास्तर, पोरी पोलिसात घालायच्यात का? फुटबॉलमधी पळायचं, दम घ्यायचा, आन् पुन्हा पळायचं. पयली धाव कुणालाबी जमती. सातवी दाखव म्हणावं."

त्यांची रीत साधी. चाळीस पावलांवर फक्कीच्या दोन रेघा. पोरी जीव खाऊन एकीवरून दुसरीवर पळायच्या. मग सर मागून चालत यायचे. ते पोचेपर्यंतच विश्रांती. पोचले की शिट्टी, पुन्हा धाव. अशा सात. घड्याळ मी लावायचो, तेही फक्त धावेला. विश्रांतीला घड्याळ सर नको म्हणायचे. "चाळीस वर्सं हीच चाल हाय माझी. यष्टी चुकंल, ही न्हाई चुकायची."

त्या हिवाळ्यात सातवी धाव पहिलीच्या बरोबरीने येऊ लागली. मी हरखून गेलो. आमची कप्तान मनीषा तर आठवी मागायची.

मग दौंडचा सामना आला. जिंकलो असतो तर जिल्ह्याला गेलो असतो. मध्यंतरापर्यंत एका गोलने पुढे होतो. नंतर आमच्या पोरी दोनदा जोरात पळायच्या आणि तिसऱ्यांदा गुडघ्यांवर हात टेकून उभ्या राहायच्या. तीन गोल खाल्ले. मनीषा रडत म्हणाली, "सर, दमच पुरंना. शाळंत तर पुरत व्हता." मी पोरींवरच चिडलो. त्याची लाज अजून वाटते.

सामना बघायला सरही आले होते; परतताना आम्ही एसटी स्टँडवर पोचलो तर ते मागे राहिलेले. वाटेत दोनदा बसले होते. येऊन बाकावर टेकले. मग म्हणाले, "उद्या घड्याळ माझ्या चालीला लावा."

लावलं. सरांच्या हिशेबाने पूर्वी विसाच्या आत संपणाऱ्या चाळीस पावलांना पस्तीस सेकंद लागले. दिवाळीपासून त्यांना धाप लागत होती आणि त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. चाल रोज थोडी मंदावत गेली, पोरींची विश्रांती वाढत गेली, आणि रोज शेजारी उभं राहून मला ते दिसलं नाही.

"पोरींचा दम वाढलाच नव्हता, मास्तर," सर म्हणाले. "माझा घटला, आन् मला वाटलं त्यांचा वाढला."

उन्हाळ्यात सर गेले. हृदय सुजलं होतं म्हणे.

आता मी चालतो. गुडघे दुखतात, कंटाळाही येतो, खोटं कशाला सांगू. मनीषा अकरावीत आहे, पण संध्याकाळी मैदानावर येते. घड्याळ तिच्याकडे असतं, आणि ती ते माझ्या चालीला लावते.

परवा म्हणाली, "सर, तीन सेकंद जास्त झाले."

मी पाय उचलला.