खंडेनवमीला उघडलेलं बॉनेट

स्टिअरिंग जड झालं तेव्हा मला देव आठवला नाही, खरं तेच सांगतो. मला माझी हत्यारांची पेटी आठवली. शिक्षणाने मी मेकॅनिकल इंजिनियर, पोटासाठी सॉफ्टवेअर, आणि अमेरिकेतल्या कॅरी या गावातल्या आमच्या मराठी मंडळींमध्ये ‘घरी सगळं स्वतः दुरुस्त करणारा’ म्हणून माझी ख्याती. ती मी बऱ्यापैकी मिरवतोही. त्या शनिवारी ग्रोसरी घेऊन येताना आमच्या गल्लीत वळलो, तर बॉनेटखालून म्हैस रेकल्यासारखा आवाज आला आणि चाक वळेचना. दोन्ही हात आणि खांदा लावून कशीबशी गाडी ड्राइव्हवेत आणली. खाली वाकून पाहिलं तर लालसर तेलाचं थारोळं. हल्लीच्या गाड्यांत हे काम विजेवर चालतं, पण आमच्या जुन्या गाडीत इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा एक पंप तेलाचा दाब देतो, म्हणून स्टिअरिंग हलकं लागतं. तो पंप गेला होता. निदान करायला मला दोन मिनिटंही लागली नाहीत, आणि त्याचा मला थोडा आनंदही झाला.

आनंद टिकला नाही, कारण सोमवारी सकाळी आठ वाजता सुनंदाचं रेडिएशन होतं. सुनंदा माझी बायको. उन्हाळ्यात तिच्या स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, आणि त्यानंतर आठवड्याचे पाच दिवस रेडिएशन चालू होतं. एकही दिवस चुकवू नका, असं तिथल्या लोकांनी बजावलं होतं. दुसरी गाडी लेकीबरोबर तिच्या कॉलेजच्या गावी गेलेली. टॅक्सी म्हणाल, तर एकदा तिने टॅक्सी करून पाहिली होती. आतल्या सुगंधी वासाने तिला इतकं मळमळलं की वाटेत उतरावं लागलं. गॅरेजवाल्याने बुधवारची वेळ दिली. आणि मित्रांपैकी कुणाला सांगायची सोय नव्हती, कारण आजाराबद्दल आम्ही कुणाला सांगितलंच नव्हतं. ‘आम्ही’ हा शब्द चुकीचा आहे. सुनंदाला सांगायचं होतं. मी नको म्हणालो. लोक डबे घेऊन येतील, तोंडं पाडून बसतील, आपण समर्थ आहोत, असं मी तिला पटवलं होतं, म्हणजे गप्प बसवलं होतं.

देवाच्या बाबतीतही माझं तेव्हा तसंच चाललं होतं. नवरात्रात सुनंदाने नेहमीसारखा घट बसवला. थकून आली तरी संध्याकाळी आरती चुकवत नव्हती. मी शेजारी हात जोडून उभा राहायचो, पण शाळेत हजेरी लावल्यासारखा. मनात एकच प्रश्न असायचा, की हिने नऊ-नऊ दिवस इतकी वर्षं केलं त्याचं हे फळ का? तिच्यासमोर बोलायची हिंमत नव्हती, म्हणून टाळ्या जरा जोरात वाजवायचो.

शनिवारी संध्याकाळीच दुकानातून नवा पंप आणला आणि एक व्हिडिओ पाहून ठेवला. व्हिडिओतल्या माणसाने हसत हसत काम उरकलं होतं. रविवारी आंघोळ करून खाली आलो तर घटासमोर पाटावर माझी सगळी हत्यारं मांडलेली. पाने, पक्कड, हातोडी, सॉकेटचा अख्खा सेट, प्रत्येकाला हळदीकुंकू आणि वर झेंडूचं एकेक फूल. त्या दिवशी खंडेनवमी होती आणि मी साफ विसरलो होतो. नागपूरला माझ्या वडिलांचा लेथचा लहानसा कारखाना होता. खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली की दुसऱ्या दिवशी दसऱ्याची पूजा होईपर्यंत घरातलं कुणी हत्याराला हात लावत नसे. तो नेम मी इथेही पाळत आलोय. दर वर्षी पेटी मीच उचलून आणतो. या वर्षी मी विसरलेला पाहून सुनंदाने ऑपरेशन न झालेल्या बाजूच्या हाताने एकेक वस्तू गॅरेजमधून वर आणली होती.

“सुनंदा, मला आज हे सगळं लागणार आहे,” मी म्हणालो.

“उद्या घ्या. आज ती पूजेला बसली आहेत.”

“उद्या आठला पोचायचंय आपल्याला. देवीला कळतं ते.”

“देवीला कळतं, तुम्हाला कळत नाही. कुणाची तरी मागून आणा. पूजा आपल्या हत्यारांची झालीय, अख्ख्या कॅरीतल्या नाही.”

मी बराच वाद घातला, पण माझी डाळ शिजली नाही. मागायला जाणं माझ्या अगदी जिवावर आलं होतं. मराठी मित्रांकडे गेलो असतो तर एवढी घाई कसली, हा प्रश्न आला असता. म्हणून समोरच्या घरी गेलो. तिथे वॉल्टर नावाचे पंचाहत्तरी ओलांडलेले गृहस्थ राहतात. सहा वर्षांत आमचा संबंध हात हलवण्यापलीकडे गेला नव्हता. ते नुकतेच चर्चमधून आले होते, अंगावर इस्त्रीचा शर्ट होता. मी पाने मागितले. आमच्या देवघरात आज माझे अडकलेत, हेही सांगून टाकलं. ते हसले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, “नव्या पंपावर पुली आहे का?”

मला माहीत नव्हतं. इंजिनियर असून खोकं उघडून पाहिलं नव्हतं. घरी येऊन पाहिलं तर पुली, म्हणजे पट्टा जिच्यावरून फिरतो ती चकती, नव्हती. जुन्या पंपावरची काढून ती नव्यावर बसवायची असते, आणि ती दांड्यावर इतकी घट्ट असते की ओढून काढायला वेगळं साधन लागतं. व्हिडिओतल्या माणसाचा पंप पुलीसकट आलेला होता. माझ्या पेटीत ते साधन नाही. मी स्वतःला ओळखतो; मी सरळ हातोडी घेतली असती आणि नव्या पंपाचं वाटोळं करून ठेवलं असतं. वॉल्टर चाळीस वर्षं ट्रक दुरुस्त करत होते. मी परत जाऊन सांगितल्यावर त्यांनी खणातून तेलकट फडक्यात गुंडाळलेलं ते साधन काढलं, पानेही काढले आणि म्हणाले, “माझे गुडघे वाकत नाहीत, पण तोंड चालतं. चल.”

ते घडीची खुर्ची टाकून गाडीजवळ बसले. मी पट्टा सैल केला, नळ्या सोडवल्या, तेल तसराळ्यात घेतलं. दोन बोल्ट निघाले. तिसरा कुठे दिसेना. मी टॉर्च मारून, मान वाकडी करकरून पाहत होतो, चिडत होतो. वॉल्टर म्हणाले, तो डोळ्यांनी सापडत नाही, टॉर्च ठेव आणि बोटांनी शोध. कुणी काम शिकवलेलं मला एरवी खपत नाही. त्या दिवशी निमूट ऐकलं आणि डोळे मिटून चाचपडलं, तर बोल्ट तिथेच होता.

सुनंदा नैवेद्याचा शिरा आणि चहा घेऊन आली. तिने त्यांना पहिल्याच वाक्यात ‘वॉल्टरकाका’ करून टाकलं. ती आत गेल्यावर त्यांनी विचारलं, की रविवारीच हे का काढलंस? ऑफिसला जायचंय, असं सांगायचं मी ठरवलं होतं. तोंड उघडलं आणि खरं बाहेर आलं. बायकोला कॅन्सर आहे, हे वाक्य मी पहिल्यांदा मोठ्याने बोललो, आणि तेही ज्याला धड ओळखत नाही अशा माणसाशी.

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, “माझ्या रूथचं त्याच इमारतीत झालं. मागच्या दाराने जा, तिथून तिला कमी चालावं लागेल.” रूथ आता कशी आहे, हे विचारायला मी घाबरलो. त्यांना ते कळलं असावं. “घरात बसलीय. शर्ट खराब केला म्हणून संध्याकाळी माझ्यावर ओरडेल. ओरडायला ताकद भरपूर आहे,” असं म्हणून त्यांनी शिऱ्याचा मोठा घास घेतला. मी बॉनेटखाली डोकं घातलं आणि रडलो. आजार कळल्यापासूनच्या पाच महिन्यांत पहिल्यांदा रडलो, आणि ते दुःखाचं नव्हतं. सकाळी सात वाजता स्टिअरिंगने दगा दिलाच तर माझा ट्रक आहे, त्यात सुगंध नाही, फक्त कुत्र्याचा वास आहे, असंही ते माझ्या पाठीकडे बघत सांगत राहिले.

पुली निघाली, नव्या पंपावर बसली, पंप जागेवर गेला. शेवटी तेलातली हवा काढायची होती. त्यासाठी पुढची चाकं उचलून, इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत राहायचं आणि दुसऱ्याने तेलातले बुडबुडे पाहायचे. मी दोन्ही करतो म्हणालो. वॉल्टर म्हणाले, तुला दोन्ही करता येणार नाही, तिला बसू दे. सुनंदा पदर खोचून गाडीत बसली आणि चाक फिरवू लागली. बुडबुडे कमी होत गेले आणि थांबले. इंजिन चालू केलं तर आवाज नाही. मी गल्लीत चार चकरा मारून पाहिल्या, चाक बोटाने वळत होतं.

संध्याकाळी घटासमोर बसलो आणि देवीला म्हणालो, मला माफ कर, मी फार ताठ होतो. हा योगायोग होता असं कुणी म्हटलं तर मी भांडणार नाही. मला एवढंच माहीत आहे, की हत्यारं गॅरेजात असती तर मी कुणाचंही दार वाजवलं नसतं. आतल्या खोलीत सुनंदा मैत्रिणीला फोनवर सगळं सांगत होती, मधेच हसत होती. मी तिला अडवलं नाही.

सोमवारी दसऱ्याच्या सकाळी मी किल्ली घेतली तेव्हा तिने हात पुढे केला. “मी चालवते.” डॉक्टरांनी तीन आठवड्यांपूर्वीच परवानगी दिली होती. मी दिली नव्हती. मी किल्ली तिच्या हातात ठेवली आणि दुसऱ्या बाजूला जाऊन बसलो. पहिल्या वळणावर माझा पाय आपोआप नसलेल्या ब्रेकवर दाबला गेला. ती रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली, “निवांत बसा हो.” मी हात मांडीवर ठेवले. मागच्या दाराशी पोचेपर्यंत मी काहीही केलं नाही, काही मागितलंही नाही. त्या पाच महिन्यांतली माझी पहिली खरी प्रार्थना तीच.