नदीत राहिलेल्या टूची वाट

सुरगाण्याजवळच्या पाड्यावर, चिमणाबाईच्या ओटीवर सकाळीच अमेरिकेची पाहुणी येऊन बसली. विणकामाच्या संस्थेत नोकरीला असलेली भाची तृप्ती तिला घेऊन आली होती. पाहुणीचं नाव माई. पंचविशीच्या पोरीला माई म्हणायचं, याचं चिमणाबाईला हसूच येत होतं.

"त्यांच्या ह्मोंग लोकांत असंच नाव असतं, मामी," तृप्ती म्हणाली. माईचं बोलणं तीच मराठीत सांगत होती.

माईने आपल्या आजीने दोऱ्याने भरलेलं कापड पसरलं. हिरव्या दोऱ्याचे डोंगर, उतारावरचं भात, अंगणात कोंबड्या. हे तर आपलंच रान! पण ते लाओस होतं. माईचे पूर्वज फार मागे चीनमधून हुसकावले गेले आणि डोंगराडोंगरांनी तिथवर आले. मग तिथेही लढाई पोचली. कापडावर वर विमानं, खाली पळणारी माणसं आणि मधोमध मेकाँग नदी होती. पाण्यात बांबूला धरून नवराबायको. पल्याडच्या काठावर मात्र बाई एकटीच, पाठीशी तान्हं बांधलेलं.

"बाप्या कुठं गेला?" चिमणाबाईने विचारलं.

"ते माझे आजोबा, टू. वाहून गेले. पाठीवरचं बाळ म्हणजे माझे बाबा. आजी त्यांना घेऊन पुढे अमेरिकेला गेली." माईने पाण्यातल्या माणसावर बोट ठेवलं. "आमच्यात माणूस गेला की गाणारा त्याला वाट दाखवतो. राहिला त्या त्या गावावरून मागे मागे, थेट जन्मल्यावर त्याची वार पुरली त्या गावापर्यंत. आजोबांसाठी कुणी गायलंच नाही. सगळे जीव घेऊन पळत होते."

चिमणाबाईच्या अंगावर काटा आला. पाड्यावर कुणी गेलं की तिचा नवरा मंगळू थाळ वाजवून त्या जिवाला वाट सांगायचा. कुठला मुलूख, कुठली माणसं, आणि रीत मात्र हीच?

मंगळू आतून ऐकत होता. काशाची थाळी घेऊन तो बाहेर आला.

"पोरी, तू गावं सांग. मी म्हणतो."

माईने वडिलांना फोन लावला. आईकडून ऐकलेली गावं ते तिकडून एकेक करून सांगू लागले. थाळीत मेणाने रोवलेल्या काडीवरून मंगळूची बोटं सरकली आणि भुंग्यासारखा सूर ओटीभर घुमला. परकी नावं त्याच्या जिभेवर अडखळायची. तो थांबायचा, माई पुन्हा सांगायची, तो पुढे निघायचा. चिमणाबाईला वाटलं, ओल्या अंगाने कुणीतरी खरंच चढण चढतंय. तिने आपोआप हात जोडले.

शेवटचं गाव आलं. मंगळूने बोटं उचलली.

"पोचला," तो म्हणाला.

तृप्तीने ते माईला सांगितलं, माईने फोनवर बाबांना. मग तिकडून त्यांचं रडणं ऐकू आलं.