ओब्दुलिया आणि न शिजणारे तमाले

आतलिस्को गावच्या बाजारामागे ओब्दुलियाबाईची खानावळ आहे. टेबलं पाच, त्यातलं एक डुगडुगतं. आज काय मिळेल, हे फक्त नवखा माणूस विचारतो. जे शिजलंय ते मिळतं. एकदा एका पाहुण्याने मोलेच्या दाट, काळ्या रश्श्यावर किसलेलं पिवळं चीज मागितलं. ओब्दुलियाने त्याची ताटली उचलली आणि शेजारच्या गवंड्यापुढे ठेवली. पाहुणा पुढे रोजचं गिऱ्हाईक झाला. चीजचं नाव मात्र त्याने पुन्हा काढलं नाही.

खानावळ तिच्या आईची. नवरा कामासाठी उत्तरेला सीमेपार गेला तो तिकडचाच झाला, तरी चूल थंड पडली नाही. मुलगी लेओनिला हाताशी आली, बाकी भार ओब्दुलियाच्या मनगटावर. जागेत मात्र धाकटा भाऊ एवारिस्तो निम्म्याचा वाटेकरी. त्याने पुएब्ला शहरात बसून ठरवलं, की जागा औषधांच्या दुकानवाल्याला विकायची. ताईच्या होकाराशिवाय ते जमेना. म्हणून तो तिला पटवायला आला, आणि दिवस कुठला निवडला? नेमका फेब्रुवारीतल्या कँडेलारियाच्या सणाचा.

जानेवारीत तीन राजांच्या सणाच्या गोड पावात ज्याला लपवलेलं चिमुकलं बाहुलीबाळ सापडतं, त्याने कँडेलारियाला सगळ्यांना तमाले खाऊ घालायचे. ते बाळ गुपचूप गिळून टाकणारेही महाभाग आहेत, पण न्हावी नासारियो पकडला गेला होता. तो आणि त्याच्यासारखे बरेच अभागी पातेली घेऊन दारात रांगेत उभे होते. आत मोठ्या भांड्यात तमाले वाफेवर होते. मक्याचं पीठ चरबीत फेटलेलं, पोटात मोले, वरून कणसाच्या पाल्याचा अंगरखा.

"ताई, गुडघे बघ तुझे. किती दिवस उभी राहणार?"

"गुडघ्यांनी तुझ्याकडे तक्रार केली का?"

"अगं, माणूस चांगला आहे. असं गिऱ्हाईक पुन्हा..."

"नाही."

"ऐकून तर घे."

"ऐकलं. नाही."

एवारिस्तोचा आवाज चढला. ताई हट्टी, ताई अडाणी, ताईमुळे आपलं आयुष्य अडलं, असं म्हणत त्याने टेबलावर मूठ आपटली. दुर्दैवाने ती डुगडुगत्यावर पडली, आणि तिखटाची वाटी त्याच्या पँटवर.

लेओनिलाने झाकण उघडून एक तमाल दाबून पाहिला. कच्चा. बऱ्याच वेळाने पुन्हा पाहिला. कच्चाच. पाणी भरपूर होतं, पाणी आटलं की गप्प होणारं, तळाशी टाकलेलं नाणं अजून खुळखुळत होतं.

रांगेने आत डोकावलं. "कोण चिडलं?" नासारियोने विचारलं.

भांड्याजवळ कोणी रागावलं की तमाले रुसतात, आणि रागावलेल्याने त्यांच्यापुढे नाचल्याशिवाय शिजत नाहीत, हे तिथे पाळण्यातलं पोरही जाणतं.

"तीही चिडली होती," एवारिस्तो म्हणाला.

"मी फक्त नाही म्हटलं," ओब्दुलिया म्हणाली. "आवाज न चढवता. विचार कोणालाही."

अख्ख्या रांगेने मान डोलावली.

"मामा, नाचा आता," लेओनिला म्हणाली.

"मी कचेरीत साहेब आहे, बाई."

"भांड्याला ते ठाऊक नाही," नासारियो म्हणाला, आणि त्याने पातेलं वाजवायला घेतलं.

एवारिस्तो खिशात हात घालून जरासा डुलला.

"हा नाच आहे की बसची वाट बघणं?" ओब्दुलियाने विचारलं. "कंबर हलव. आईने तर पाठीत लाटणं घातलं असतं."

मग त्याने कोट काढला. लाल डागाची पँट सावरत तो असा नाचला, की रांगेतल्या दोन म्हाताऱ्या त्याच्यासोबत नाचायला आत शिरल्या. तमाले शिजले. आता त्याचं श्रेय नाचाला की निखाऱ्यांना, यावर तिथे कोणी वाद घालत नाही.

घाम पुसत तो टेबलाशी बसला. तीन तमाले खाल्ले, वर मक्याची गरम गोड पेज प्यायला. मग अगदी लोण्यासारख्या आवाजात म्हणाला, "ताई, मग जागेचं..."

"नाही," ओब्दुलिया हसून म्हणाली. "आणि खाणं झालं असेल तर ऊठ. टेबल अडलंय, माणसं उभी आहेत."