म्हशीने खाल्लेला हिममानव

प्रिय मुलांनो,

लहानपणी एकदा मला म्हशीने खाल्लं होतं. सगळी नाही, फक्त पाठीकडची बाजू.

ही गोष्ट मी आजवर तुम्हाला सांगितली नाही, कारण आजी म्हणून थोडा मान राखून होते. पण परवा अनन्याने तिकडच्या त्या, गोष्टीतली पात्रं होऊन जायच्या मेळाव्यातला स्वतःचा फोटो पाठवला. पुठ्ठ्याचे पंख, चंदेरी तोंड, आणि खाली ओळ : "आजी, तुझ्या वेळी जालन्यात असलं काही नसेल ना?" होतं, बाई! जालन्यात सगळं होतं! म्हणून आता क्रमवार लिहिते.

निजामाचं राज्य जाऊन थोडीच वर्षं झाली होती. आम्ही जुन्या जालन्यात राहायचो. आमच्याकडे मुलांचं एक मासिक यायचं आणि त्यात एका हिममानवाची गोष्ट क्रमशः छापून येई. हा हिममानव ताडमाड उंच, एकटा, वाट चुकलेल्या गिर्यारोहकांना खांद्यावर घेऊन खाली सोडणारा. मी त्याच्यासाठी वेडी झाले होते. आणि एका महिन्यात काय व्हावं? बर्फाला तडा गेला, हिममानव दरीत कोसळला, आणि लेखकाने खाली लिहिलं, "अपूर्ण"! (माणसाला दरीत टाकून हा गृहस्थ महिनाभर स्वस्थ बसतो!) माझं जेवण सुटलं. आत्याला वाटलं जंत झाले. तिने मला एरंडेल पाजलं.

तेवढ्यात बातमी आली. ते लेखक स्वतः नव्या जालन्यात येणार! बाजाराजवळच्या सभागृहात वाचकांचा मेळावा, मुलांनी गोष्टीतली पात्रं होऊन यायचं, आणि ज्याचा वेष पहिला येईल त्याला व्यासपीठावर जाऊन लेखकांना एक प्रश्न विचारता येणार.

मला एकच प्रश्न विचारायचा होता. हिममानव जगतो का?

"आत्या, मला हिममानव व्हायचंय."

"हो की. पण आधी जेवून घे. कोण हाये तो?"

"बर्फात राहतो. अंगभर पांढरे केस असतात."

"एवढंच? मंग कापूस चिकटवू! जालन्यात कापसाला काय तोटा हाये?"

माझी आत्या आमच्याच घरी राहायची आणि तिला जगातली कुठलीही गोष्ट शिवता येते असा तिचा समज होता. अण्णा, म्हणजे माझे वडील, कापसाच्या जिनिंगमध्ये नोकरीला. त्यांनी येताना पिशवीभर कापूस आणला, पण आवारात सांडलेला, सरकीसकट. मी तोंड वाकडं केलं. माझ्या हिममानवाच्या अंगावर बिया?

"बिलकुल काढायच्या न्हाईत!" आत्या म्हणाली. "सरकीनं वजन येतं. नुसती रुई वाऱ्यानं उडून जाईल, अन् तुझा हिममानव भर रस्त्यात उघडा पडंल."

अंगरख्यासाठी पोतं हवं होतं. ते शेजारच्या रहीमचाचांनी दिलं. ते दूध घालायचे. "ले बेटी, एकदम साफ है," म्हणाले. साफ होतंच; त्यात पेंड असायची, तेवढा वास होता. चिकटवायला खळ केली ती ज्वारीच्या पिठाची, कारण गव्हाचं पीठ असल्या खेळांना द्यायला आई तयार नव्हती. मुंग्या लागू नयेत म्हणून आत्याने खळीत सढळ हाताने मीठ टाकलं.

मी वर्गात पहिली यायचे, इंग्रजीत तर नेहमीच. तरीसुद्धा या सामानातून आपण काय तयार करतोय ते माझ्या लक्षात आलं नाही!

मेळाव्याच्या दिवशी आत्याने मला पोत्यात घालून डोक्यावरून टोपडं शिवूनच टाकलं. डोळ्यांना दोन भोकं. आत घामाच्या धारा, बाहेर हिमालय! शेजारणी म्हणाल्या, "काय गोड मेंढी दिसून राह्यली!" मी त्यांच्याकडे बघून नुसती गुरगुरले. हिममानव बोलत नाहीत.

आम्ही पायीच निघालो. नदीच्या पुलाजवळ आलो तेव्हा म्हशी डुंबून परत निघाल्या होत्या. त्यांत सगळ्यांत पुढे रहीमचाचांची शहजादी. नावाप्रमाणेच तिची चाल. कुणासाठी थांबायची नाही. त्या दिवशी मात्र थांबली. मला टोपड्यातून मागचं दिसत नव्हतं.

"आत्या, मागून कोण ढकलतंय?"

"कुणी न्हाई गं. चल जल्दी, उशीर... अगं बाई!"

पाठीवरून खरखरीत, ओलं, भलं मोठं काहीतरी फिरलं. मग टर्र असा आवाज झाला, आणि मला त्या दिवसातला पहिला वारा लागला.

"सरकी!" आत्या किंचाळली. "सरकी, पीठ, मीठ, वर पेंडीचं पोतं! अगं, आपण तुला आंबोण घातलंय अंगात!"

आंबोण म्हणजे म्हशीपुढे संध्याकाळी धार काढताना ठेवतात ते. आज ते स्वतःच्या पायांनी पुलावरून चाललं होतं!

मी पळाले. मागून रहीमचाचा ओरडत होते, "बेटी, भागू नको! तू भागी तो वो बी भागती!" अगदी बराबर सांगत होते, पण थांबायचं कुणासाठी? पुढे हिममानव, मागे शहजादी, तिच्या मागे चाचा, त्यांच्या मागे पदर खोचलेली आत्या. दुकानांच्या पायऱ्यांवरून लोक टाळ्या वाजवत होते. त्यांना वाटलं, मेळाव्याची मिरवणूक निघाली!

मी सभागृहात शिरले. शहजादीही शिरली. प्रवेश फक्त वाचकांना होता, पण तिला अडवणार कोण? एक राजकन्या खुर्चीखाली गेली, दोन दरोडेखोर आईच्या कडेवर चढले, आणि लेखक महाशय थेट टेबलावर!

"पहिला नंबर हिला!" ते वरून ओरडले. "देऊन टाका, आणि दोघींना बाहेर न्या!"

"पण माझा प्रश्न?" मी टेबलाभोवती फिरत विचारलं. शहजादीही माझ्या मागे फिरत होती.

"विचार, लवकर विचार!"

"हिममानव जगतो का?"

"बाळ, आधी मी जगतो का ते बघू दे!"

मी टोपड्यातच भोकाड पसरलं. एवढं एरंडेल, एवढी धावाधाव, आणि उत्तर हे? तोवर चाचांनी शहजादीची शिंगं धरली. लेखक टेबलावरच उकिडवे बसले, वाकून माझ्या डोळ्यांच्या भोकांत बघत हळूच म्हणाले, "जगतो गं. शब्द देतो. रडू नको."

दारातून चाचांची तक्रार ऐकू आली, "हिचं पेट भर गया. अब शाम को धार कौन देगा?"

पुढचा अंक आला. दरीत पडलेल्या हिममानवाला याकांच्या कळपाने हुंगून शोधलं, अंगावरचा बर्फ चाटून काढला आणि तो डोळे उघडून उठून बसला! मी रडत रडत मोठ्याने वाचलं. आत्याने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मेल्यानं आपली शहजादीच घातली की यात! आपल्याला विचारलं तरी का?"

ते मासिक पुढे बंद पडलं. पोत्याचा उरलेला पुढचा भाग शहजादीने त्याच संध्याकाळी गोठ्यात संपवला. त्या वेषातला आज फक्त आतला माल, म्हणजे मी, शिल्लक आहे, आणि तोही म्हशीने हुंगून नाकारलेला.

तुमची,
आजी