बाईंचा घसरता सूर

बाई तालमीच्या दालनात शिरल्या की गप्पा आपोआप थांबायच्या, इतका त्यांचा दरारा. वाद्यवृंदातली व्हायोलिनची पहिली खुर्ची त्यांनी अर्धं आयुष्य सांभाळली. दुपारी घराच्या वरच्या खोलीत शिकवण्या घेतल्या, उरल्यासुरल्या वेळात स्वतःच्या रचना केल्या. स्वयंपाकघर नवऱ्याच्या ताब्यात होतं. तो गुरांचा डॉक्टर. त्याच्या रांधण्याला गुरांनीही नाक मुरडलं असतं, पण बाई गुपचूप जेवायच्या. तक्रार केली असती तर स्वतःला चुलीपुढे उभं राहावं लागलं असतं!

बाईंच्या वादनातल्या एका गोष्टीवर लोक जीव टाकत. वरचा सूर थेट न येता जरासा घसरत, लाडात आल्यासारखा यायचा. वर्तमानपत्रांनी त्याचं तोंडभरून कौतुक केलं. शिष्यांनी तो घोटून घोटून उचलला आणि बाईंच्या माघारी त्याला ‘घसरगुंडी’ असं नावही ठेवलं.

खरं काय होतं, तर बाईंच्या डाव्या हाताची करंगळी कामातून गेली होती. आधी ती थंडीत आखडायची, मग बाराही महिने. जिथे करंगळी टेकवायची तिथे बाई अख्खा हात वर सरकवून शेजारच्या बोटाने सूर घ्यायच्या, आणि सरकताना तो घसरायचा. लोकांनी दुखण्याला शैली म्हटलं आणि बाईंनी त्यांना म्हणू दिलं. ठाऊक होतं ते एकट्या नवऱ्याला.

“घोडी असतीस तर कधीच पागेत बसवली असती तुला,” तो म्हणायचा.

“घोडीला शनिवारी कार्यक्रम नसतो,” बाई त्याला गप्प करायच्या.

शनिवारी त्यांची नवी रचना सादर व्हायची होती. एकल व्हायोलिन त्यांचंच, मागे सगळा वाद्यवृंद. ती लिहितानाही त्यांनी करंगळीला जमेल तिथे चुकवलं होतं. एवढा एक कार्यक्रम निभावला की मग बघू, असं त्या रोज स्वतःला बजावत.

पण यंदा संचालक नवे आले होते आणि त्यांचे कान फार तिखट होते. गुरुवारच्या तालमीत बाईंची धून मागच्या रांगेने उचलली आणि संचालकांनी छडी खाली ठेवली.

“हे घसरतंय कोण?”

रांगेत अर्धे बाईंचेच शिष्य. संचालकांनी एकेकाला वाजवायला लावलं आणि ते चिमणीपाशी थांबले. ही सगळ्यांत धाकटी, लहानपणापासून बाईंकडे शिकलेली. अजून कच्च्या नेमणुकीवर होती आणि ती पक्की करायची की नाही हे संचालकच ठरवणार होते.

“बाईंचं ठीक आहे, ती त्यांची लकब. तू कशाला सरकतेस? करंगळी ठेव ना, सूर तिथेच आहे.”

चिमणीने करंगळी टेकवली. सूर चिरकला. पुन्हा टेकवली, पुन्हा तेच. तिचे कान लाल झाले.

“साधी करंगळी चालत नाही? असं कसं जमायचं? मला दुसरं कुणीतरी बघावं लागेल.”

बाईंनी मनातल्या मनात हिशेब केला. आत्ता गप्प बसलं तर शनिवार आपला. नंतर सांगू, पोरीची समजूत काढू, कुठेतरी चिकटवून देऊ. तेवढ्यात चिमणीने त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेत तक्रार नव्हती. शिकवणीत चुकल्यावर बाई आता नीट करून दाखवतील म्हणून ती जशी थांबायची, तशी थांबली होती.

बाई उठल्या. “सर, तिची चूक नाही. माझी करंगळी वाकत नाही.” त्यांनी डाव्या हाताची मूठ वळून दाखवली. चार बोटं मिटली, एक ताठच राहिलं. “हातचं राखून शिकवतात म्हणतात ना, मी बोटच राखलं.”

कुणी हसलं नाही. शेजारच्या खुर्चीतला जुना सोबती आपल्या बुटांकडे बघत राहिला.

“मग शनिवारी?” संचालकांनी विचारलं.

“हिला वाजवू द्या.”

“हिला? उद्या सकाळी ऐकतो. करंगळीने. नाही जमलं तर कार्यक्रमातून रचना काढतो, आणि हिचं काय ते तुम्हाला कळतंच आहे.”

त्या संध्याकाळी बाईंच्या वरच्या खोलीत चिमणी भांडायच्या तयारीनेच आली.

“मला नाही येत, बाई. तुम्ही शिकवलंच नाहीत! मी ते सुंदर म्हणून घोटत बसले आणि तुम्ही रोज बघत होतात.”

“हो,” बाई म्हणाल्या. “व्हायोलिन उचल.”

त्यांनी पोरीची करंगळी आपल्या चिमटीत धरून तारेवर दाबली. बोट थरथरलं, घसरलं. पुन्हा दाबली. खाली नवरा जेवायला हाका मारून थकला. चिमणीच्या बोटाचं टोक लाल झालं, डोळ्यांत पाणी आलं, पण तिने हात काढून घेतला नाही.

आणि मग सूर आला. सरळ, न घसरता, जागच्या जागी. त्यामागोमाग पुढची ओळही मोकळी झाली. रचना बाईंची होती, पण ती अशी वाजते हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांना आनंद झाला, आणि त्याच क्षणी त्या पोरीचा हेवाही वाटला.

“पुन्हा,” त्या म्हणाल्या, आणि आपला चेहरा तिला दिसू नये म्हणून तिच्या पाठीमागे जाऊन उभ्या राहिल्या.