व्यवसाय: वाहतूक

मी आणि माझा जोडीदार, आम्ही दोघं लोकांचं घरसामान हलवतो. कुणी घर बदललं की त्यांची कपाटं एका जिन्यावरून खाली आणि दुसऱ्या जिन्यावरून वर. वरचं टोक त्याच्याकडे, खालचं माझ्याकडे. पंधरा वर्षं हीच वाटणी. त्याला सगळे क्रेन म्हणतात आणि त्याला ते आवडतं. मला काय म्हणतात ते सांगत नाही.

पन्नाशी जवळ आली तसं क्रेनने डोक्यात घेतलं, की ताकद टिकवायची तर जिमला जायला हवं. आधी आठवड्यातून तीन दिवस, मग पाच, मग रोज. दोन महिने स्वारी खूश. पुढे मात्र सहज उचलायचा ते वजन जड लागायला लागलं. शहाण्या माणसाने विश्रांती घेतली असती. याने व्यायाम वाढवला. जेवण कमी झालं, झोप उडाली, राग तर कायम नाकावर. वहिनी म्हणाल्या, "भावजी, सकाळी उठतात तेच थकलेले. काही विचारावं तर अंगावर येतात."

आणि एक दिवस तिसऱ्या मजल्यावरून कपाट उतरवताना त्याच्या हातातून टोक निसटलं. सगळा भार माझ्यावर. कसंबसं कठड्याला टेकवलं, नाहीतर हे सांगायला मी उरलो नसतो. वर बघितलं तर क्रेन पायरीवर बसलेला.

"माझं संपलं रे," तो म्हणाला. "उद्यापासून दुसरा कुणीतरी बघ."

दोन शिव्या हासडणार होतो, पण त्याचे डोळे भरलेले बघून त्या गिळल्या. खरं सांगायचं तर घाबरलो होतो. जिन्यावर दुसऱ्या कुणाच्या भरवशावर मी खालचं टोक धरणार नाही.

डॉक्टरांनी रक्त, हृदय, सगळं तपासलं. काहीच निघालं नाही. क्रेनने त्याचाच धसका घेतला: आजार नाही म्हणजे म्हातारपणच! जिममधून नाव काढायला तो निघाला, सोबत मी. तिथली ट्रेनर त्याच्या मुलीच्या वयाची. तिने त्याचा फॉर्म काढला.

"काका, बाकी दिवसभर गाडीतच बसून असता ना?"

"बसून? कपाटं उचलतो."

"पण इथे व्यवसाय 'वाहतूक' लिहिलाय! मला वाटलं, ड्रायव्हर आहात."

"सामानाची वाहतूक. ते काय व्यायामात धरायचं? ते तर काम आहे."

पोरीने कपाळाला हात लावला. "अंगाला काय कळतं, काम कुठलं आणि व्यायाम कुठला? तुम्ही दिवसातून दोनदा वजन उचलताय आणि शरीराला सावरायला वेळच देत नाही. काका, तुम्ही म्हातारे नाही, दमलाय."

माझा जीव भांड्यात पडला. तिने दोन आठवडे त्याची जिम बंद केली. पोटभर जेवायचं, भरपूर झोपायचं. त्यानंतर आठवड्यातून दोनच दिवस, तेही काम हलकं असेल तेव्हा. झोप बिघडली किंवा नेहमीचं वजन जड लागलं, की सरळ घरी.

पुढच्याच सुट्टीच्या दिवशी वहिनींचा फोन. "भावजी, दहा वाजले, अजून घोरतायत. उठवू का?"

"खबरदार," मी म्हटलं.

महिन्याभराने चौथ्या मजल्यावर वॉशिंग मशीन चढवत होतो. दुसऱ्या मजल्यावर वरून आवाज आला, "थांब रे. खाली ठेवू. दमलो."

मशीन ठेवलं आणि दोघं पायरीवर टेकलो.

"बरं झालं बोललास," मी म्हणालो. "मी पंधरा वर्षं दुसऱ्या मजल्यावरच दमतोय."