मागच्या टायरमधली हवा

काल मुरबाडला कारमध्ये हवा भरायला थांबले. पंपावरच्या माणसाने मशीनवर आकडा टाकण्याआधी विचारलं, किती ठेवू ताई? एवढा साधा प्रश्न... आणि मला दुसराच एक जुना प्रश्न आठवला.

याच नाक्यावर पूर्वी एका पंक्चरवाल्याचं दुकान होतं. केरळचा माणूस, सगळे अण्णा म्हणायचे. गोष्ट दोन हजार चार-पाचच्या सुमाराची.

बाबांची पिकअप होती. मुरबाडच्या पुढे, आमच्या वैशाखऱ्याच्या आसपासच्या गावांतून भेंडी, काकडी, पेंढा, मिळेल तो माल भरायचा आणि कल्याणला टाकायचा. आमच्याकडच्या सगळ्या पिकअपवाल्यांसारखे बाबाही मागचे टायर दगडासारखे ठेवायचे. मालच इतका भरायचे, मग हवाही तशीच! मीटरवर त्यांचा विश्वास नव्हता. पान्याने टायरवर ठोकायचं, आवाज ऐकायचा आणि मान हलवायची... झालं चेकिंग.

दाराच्या आत कंपनीचा स्टिकर होता. माल असेल तर मागे इतकी हवा, गाडी रिकामी असेल तर जवळजवळ निम्मी. पण जाताना भरा, येताना काढा, हा उद्योग करणार कोण? स्टिकर आपला चिकटलेला होता, बस.

मग आईचं दुखणं निघालं. आधी छातीत गाठ, नंतर ते मणक्यात उतरलं. कल्याणच्या हॉस्पिटलला सारखं जावं लागायचं आणि एसटीत तिला बसवत नव्हतं.

पहिल्या खेपेला बाबा सकाळी माल टाकून आले आणि तशाच रिकाम्या गाडीत आम्हाला घेऊन निघाले. खाली स्प्रिंगचे पाटे कडक, त्यात टायर कडक, मागे वजन नाही... प्रत्येक खड्ड्यात गाडी उडायची. आई मधे बसली होती, माझं मनगट धरून. ती ओरडली नाही, पण माझ्या हातावर तिची बोटं उमटली.

मुरबाड येईपर्यंत बाबा गाडी हळू हळू करत गेले. मग गाडी अण्णांच्या दुकानासमोर घेतली आणि मागची हवा कमी कर म्हणाले. अण्णांना वाटलं, चेष्टा करतायत. जो माणूस कायम 'अजून मार, अजून मार' म्हणायचा, तो आज हवा काढायला सांगतोय...

"आज माल नाय," बाबा म्हणाले. "माणूस हाय."

थोडी हवा काढायची, नाक्यावरच्या स्पीडब्रेकरवरून गाडी न्यायची, आईच्या तोंडाकडे बघायचं, की परत अण्णांकडे. मी स्टिकर वाचून आकडा सांगितला, तर बाबा त्याच्याही जरा खाली गेले. शेवटी आई म्हणाली, आता बरं हाय. आणि त्या हालातही तिला चेष्टा सुचली... "भेंडीला कदी विचारलं नाय, धक्का बसला का गो म्हणून. मला बरं विचारताय." बाबा हसले. त्या आजारपणात मी त्यांना हसताना फार कमी पाहिलं.

तेव्हापासून तीच रीत पडली. हॉस्पिटलला निघालो की हवा कमी, माल भरायचा असला की परत फुल. विसरून चालायचं नाही, कमी हवेवर माल चढवला तर टायर तापून फुटायचा. आमची गाडी दिसली की अण्णा पाइप घेऊन उभे राहायचे आणि एकच विचारायचे, "माल का माणूस?"

थंडीत आईला ॲडमिट केलं. घरी जाताना म्हसा गावच्या जत्रेतून घोंगडी घ्यायची, असं तिने बाबांकडून कबूल करून घेतलं होतं. ते राहिलंच... एका सकाळी बाबा मार्केटला भेंडी उतरवून हॉस्पिटलला पोचले, तोवर आई गेली होती.

मामा म्हणाला, ॲम्ब्युलन्स बघतो. बाबा नको म्हणाले. आमच्याच गाडीत मागे गादी घातली, वर ताडपत्री होतीच. आईजवळ मी आणि मावशी बसलो, मामा पुढे बाबांशेजारी.

मुरबाडला गाडी थांबली. आतून काही दिसत नव्हतं, पण अण्णांच्या चपला वाजलेल्या ऐकू आल्या. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत. नेहमीसारखंच विचारलं त्यांनी... "माल का माणूस?"

बाबांनी इंजिन बंद केलं. मग म्हणाले, "माणूस."

माझ्या अगदी खाली हवा सुटायला लागली. मामा हळूच म्हणाला, "दाजी, आता कशाला..."

"पुढं रस्ता खराब हाय," बाबा म्हणाले. "तिला धक्के सोसत नाय."

मावशीने तोंडात पदर कोंबला. दुसऱ्या टायरचीही हवा सुटली. घरापर्यंत बाबा प्रत्येक खड्ड्याला गाडी जवळजवळ थांबवत होते. आईचं डोकं माझ्या मांडीवर होतं... फार हललं नाही ते.

बुद्धवंदना झाली, पाहुणे पांगले. पिकअप अंगणात तशीच कमी हवेवर उभी होती. लोक माल घेऊन विचारायला यायचे, बाबा नाय म्हणायचे. पण भेंडी काय कोणासाठी थांबते... एक दिवस बाबांनी गाडी काढली, मीही शेजारी बसले.

अण्णा पाइप घेऊन आले. या वेळी त्यांनी काहीच विचारलं नाही. मागच्या चाकाशी बसले आणि हवा भरायला लागले. बाबा गाडीच्या पलीकडे जाऊन उभे राहिले, आमच्याकडे पाठ करून. किती तरी वेळ.

तो प्रश्न अण्णांनी बाबांना पुन्हा कधीही विचारला नाही. गाडी विकेपर्यंत नाही. आता ते दुकान नाही, अण्णा गावी गेले म्हणतात.

काल पंपावर शेवटी आकडा सांगितला, हवा भरली आणि निघाले. अण्णा, तुम्ही कुठे असाल माहीत नाही... पण त्या दिवशी काही न विचारता हवा भरलीत, त्याबद्दल आभार मानायचे राहून गेले होते.